आईच्या डोळ्यात नाकाकडून मांस वाढतंय. गावात म्हणतात मोतीबिंदू आहे, पिकू द्या. थांबावं का?

पिकायची वाट बघू नका, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून हा मोतीबिंदू वाटतही नाही. मी डॉक्टर नाही. अमळनेरला वीस वर्षं चष्म्याचं दुकान आहे, नंबर काढतो, आणि हा गोंधळ आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येतो.

मोतीबिंदू डोळ्याच्या आत असतो. बाहुलीच्या मागचं भिंग गढूळ होतं, तो मोतीबिंदू. पार पिकल्यावर बाहुली पांढरट दिसते, तोवर वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. नाकाच्या बाजूने पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारं, बारीक लाल शिरा असलेलं तिकोनी मांस म्हणजे टेरिजियम. ऊन, धूळ, वारा ही त्याची मुख्य कारणं. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन आणि कपाशीत जन्म काढलेली बाई म्हटल्यावर ते दिसलं तर नवल नाही. खुपतं, लाल होतं, पाणी येतं. बुबुळावर चढलं की त्याचा गोलावा ओढला जातो आणि अक्षरं पसरट दिसतात. लहान असेल तर गॉगल, डोक्यावर पदर आणि डॉक्टरांनी दिलेले ओलाव्याचे ड्रॉप एवढ्यावर भागतं. बाहुलीकडे सरकत असेल तर ऑपरेशन. नुसतं खरवडून काढलं तर बरेचदा परत येतं, म्हणून त्या जागी डोळ्याचाच पातळ पापुद्रा लावतात. तो लावणार का, हे आधी विचारून घ्या. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी यातलं काहीही घालू नका.

‘पिकू द्या’ हा सल्ला जुन्या काळातला. तेव्हाच्या पद्धतीत पिकलेला मोतीबिंदू काढणं सोयीचं असायचं. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंग बदलतात. जास्त पिकलेला उलट कडक होतो, कधी फुगून डोळ्याचा दाब वाढवतो. त्याची लक्षणं वेगळी: रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकतो, रंग मळकट वाटतात, नंबर सारखा बदलतो. एक आजी मोठ्या आनंदात दुकानात आल्या होत्या. ‘भाऊ, चाळिशी गेली, आता सुई बिनचष्म्याची ओवते.’ मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, तर तारखाच दिसेनात. भिंग घट्ट होत जाताना जवळचं काही दिवस असं सुधारल्यासारखं वाटतं. त्यांना बिचाऱ्यांना तो मोतीबिंदू आहे हे सांगताना मलाच वाईट वाटलं.

मला खरी धास्ती काचबिंदूची. बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही. बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढलेला असतो, कधी तो नॉर्मलही असतो, पण मागची नस हळूहळू मरते आणि नजर कडेकडून खायला लागते. आमचे वडील गोठ्याच्या चौकटीला खांदा धडकवायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं, लक्ष नसतं. तपासलं तेव्हा डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली होती. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. उरलेली तेवढी ड्रॉप घालून राखायची. आई-वडील, भाऊ-बहिणीत कुणाला असेल तर आपण चाळिशीत तपासायचंच. त्याचा एक प्रकार अचानक येतो: डोळा लाल, भयंकर डोकेदुखी, उलट्या, बल्बभोवती रंगीत कडी. लोक पित्त समजून गोळी घेऊन झोपतात. तसं झालं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखान्यात जायचं, तिथे तासांचा हिशोब असतो.

आईला शुगर असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी दर वर्षी, नजर चांगली असली तरी.

शेतातल्या माणसाला आणखी एक सांगतो. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटताना एकाच्या डोळ्याला काडी लागली. ‘मना डोयामा कचरा पडना’ म्हणून त्याने शेजाऱ्याकडे डोळे आले तेव्हाचे उरलेले ड्रॉप घातले. त्यात स्टेरॉइड होतं. काडी, पान, कणसाचं कुसळ लागलं की बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते, आणि स्टेरॉइडने ती फोफावते. जखम भरली, पण बरोबर बाहुलीवर फूल, म्हणजे पांढरा डाग, राहिलं. मेडिकलवाल्याला नुसतं ‘लाल झालाय, ड्रॉप द्या’ म्हणू नका, एवढं तरी पाळा.

घरी आज एवढं करा. आईला दहा फुटांवर बसवा, एकेक डोळा तळहाताने झाकायला लावा आणि कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो, त्यामुळे ‘मला दिसतं की’ हे उत्तर धरायचं नाही.

मग नेत्रतज्ज्ञाकडे न्या. डोळ्याचा दाब मोजा, पडदा बघा, असं स्वतःहून म्हणा, कारण तुम्ही मांस दाखवायला गेलात तर तपासणी मांसापुरतीच होऊ शकते. शुगरची फाईल आणि घरातले सगळे ड्रॉप पिशवीत घालून न्या. बाहुली मोठी करायचं औषध घातलं की चार-पाच तास धूसर दिसतं, ऊन टोचतं. गॉगल बरोबर ठेवा आणि परतीच्या एसटीत आईला एकटं बसवून देऊ नका.