पुढच्या दातांतील फट, तुटलेला कोपरा आणि डाग यांसाठी कॉम्पोझिट बॉन्डिंग करावे की कॅप बसवावी?

आपण लिहिले आहे की आपले वय चोवीस आहे, वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये बारीक फट आहे, त्यांतील एकाचा कोपरा तुटला आहे आणि दातांवर लहानपणापासूनचे पिवळट-तपकिरी डाग आहेत. डॉक्टरांनी बॉन्डिंग सुचवले आहे, म्हणजे कॉम्पोझिट नावाचे दाताच्या रंगाचे मिश्रण दातावर चिकटवून त्याला आकार देणे. घरचे मात्र लग्नाआधी चार कॅप, म्हणजे दात तासून त्यावर चढवायची टोपणे, बसवून मोकळे व्हा, असा आग्रह धरत आहेत. माझे मत स्पष्ट आहे: कॅप बसवू नका. आपण सांगितलेले तिन्ही दोष बॉन्डिंगने सुधारण्याजोगे आहेत आणि धडधाकट दात तासून काढावा एवढे मोठे कारण त्यांपैकी एकही नाही.

फट आणि तुटलेला कोपरा यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण ही बॉन्डिंगची नेहमीची कामे आहेत. फट एक-दोन मिलिमीटरची असेल तर दोन्ही दातांच्या आतल्या कडांना थोडे थोडे कॉम्पोझिट चढवून ती मिटवता येते. एकाच दातावर सगळे चढवले तर तो रुंद दिसतो, म्हणून दोन्हींवर वाटून घ्यावे, एवढे लक्षात ठेवा. आखूड राहिलेला दात, किंचित वळलेला दात, सुळ्याशेजारी खुंटीसारखा बारीक राहिलेला दात यांनाही याच पद्धतीने आकार देता येतो. डागांचे मात्र सविस्तर लिहिते, कारण त्या विषयावर आमच्या घरात जे ऐकले ते मी अजून विसरलेले नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यातली. आमच्या गावात पिण्याचे पाणी हातपंपाचे होते आणि त्यात फ्लोराइड जास्त होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंतची सवलत आहे. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, मूल त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी पीत राहिले तर दातांचे एनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, सदोष तयार होते. दात बाहेर येतो तोच खडूसारख्या पांढऱ्या रेघा घेऊन, आणि पुढे त्या रेघा तपकिरी होत जातात. माझ्या ताईच्या आणि माझ्या वरच्या पुढच्या दातांवर असा एक आडवा तपकिरी पट्टा होता.

या पट्ट्यावरून आम्ही जे ऐकले ते आपणही ऐकले असेल. पाहुणे घरी आले की आईला विचारायचे, ‘पोरगी दात घासत नाही काय?’ ताई राखेने, मिठाने, कोळशाच्या पुडीने दात घासायची; हिरड्या सोलवटून निघायच्या आणि पट्टा तिथेच राहायचा. तो डाग वरून बसलेला नसतो, एनॅमलच्या आतच असतो. घासून तो जाणे शक्यच नाही. अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याने 1901 मध्ये असे डाग पाहून त्यांचा शोध सुरू केला आणि 1931 मध्ये पाण्यातील फ्लोराइड हे त्यांचे कारण सापडले. भारतातही 1937 मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात पाण्यातील फ्लोराइडमुळे होणाऱ्या आजाराची नोंद झाली होती. एवढे सगळे ठाऊक असूनही आमच्या पिढीतील मुलींना आळशी आणि अस्वच्छ ठरवले गेले, याचा मला आजही संताप येतो.

ताईला पाहायला येण्याची बोलणी सुरू झाली तेव्हा आमच्या मोठ्या मामांनी पुढाकार घेतला. मामा प्रेमळ होते आणि खर्चही त्यांनीच केला, परंतु त्यांचा एकच हेका होता: काम पक्के झाले पाहिजे. एका खाजगी दवाखान्यात ताईच्या वरच्या चार दातांना धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅप बसवायचे ठरले. दात तासून झाल्यावर, तात्पुरत्या कॅप लावण्याआधी, तिने आरसा मागितला. मी शेजारीच उभी होते. चार चांगल्या दातांच्या जागी चार पिवळसर, निमुळते खुंट उभे होते. त्या दातांना कीड नव्हती, ते हलत नव्हते, दुखतही नव्हते. त्यांचा रंग तेवढा बिघडलेला होता.

पुढे काय झाले तेही सांगते, कारण कॅपचा आग्रह धरणारे हा भाग कधीच सांगत नाहीत. काही वर्षांनी त्यांतील एका दाताची नस मेली आणि कॅपला भोक पाडून रूट कॅनाल करावे लागले. हिरडी जरा वर सरकली तशी कॅपच्या कडेची राखाडी रेघ दिसू लागली. आज ताईला त्या कॅप बदलायच्या आहेत. बदलल्या तरी पुन्हा कॅपच बसवाव्या लागतील, कारण खाली परत यायला दातच उरलेला नाही. पुढच्या दाताचे एनॅमल जेमतेम एक मिलिमीटर जाड असते आणि दाताच्या मानेजवळ, म्हणजे हिरडीलगत, त्याहूनही पातळ. कॅपसाठी मात्र सर्व बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर कापावे लागते. म्हणजे दाताच्या दिसणाऱ्या भागाचा जवळपास दोन तृतीयांश हिस्सा जातो आणि एनॅमल पुन्हा कधीही उगवत नाही.

माझी वेळ आली तेव्हा मी मामांना नाही म्हटले आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. तेथील डॉक्टरांनी आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्यूमिसची पूड यांनी वरचा अगदी पातळ थर घासून काढला, त्यामुळे फिकट डाग तिथेच गेले. नंतर दात ब्लीच केले, म्हणजे औषध लावून उजळवले. ब्लीचिंगनंतर त्यांनी लगेच बॉन्डिंग केले नाही, दोन आठवडे थांबायला सांगितले, कारण दातात अडकून राहिलेला ऑक्सिजन निघून जाईपर्यंत कॉम्पोझिट नीट चिकटत नाही. हा क्रम आपल्यालाही पाळावा लागेल: दात पांढरे करायचे असतील तर आधी करावेत, कारण कॉम्पोझिटचा रंग नंतर ब्लीचिंगने उजळत नाही.

बॉन्डिंगच्या दिवशी डॉक्टरांनी पहिले काम केले ते खिडकीजवळ बसवून शेड, म्हणजे दाताच्या रंगाची छटा, जुळवण्याचे. तोंड उघडे राहून दात कोरडा झाला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो, म्हणून शेड सुरुवातीलाच ठरवावी लागते. आपले डॉक्टर हे शेवटी करत असतील तर त्यांना थांबवा. मग फॉस्फोरिक आम्लाची निळी जेल लावली. फ्लोराइडने बिघडलेल्या एनॅमलचा वरचा थर आम्लाला सहजासहजी दाद देत नाही, म्हणून त्यांनी तो बारीक बरने (दात घासणाऱ्या यंत्राच्या फिरत्या टोकाने) जरासा खरखरीत केला आणि जेल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली. धुऊन वाळवल्यावर दात पाटीवर खडू फिरवल्यासारखा पांढरट दिसू लागला. त्यावर बॉन्डचा, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रवाचा, पातळ थर, मग तपकिरी पट्ट्यावर तो झाकणारा अपारदर्शक थर, त्यावर दाताच्या रंगाचा आणि सर्वांत वर जरासा पारदर्शक थर, असे एकेक चढवले. दर थरावर निळा लाइट मारून तो कडक केला. एक थर दोन मिलिमीटरपेक्षा जाड असू नये, नाहीतर तळापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंच भाग घासले आणि बारीक होत जाणाऱ्या डिस्कनी पॉलिश केले. हे सगळे भूल न देता झाले.

मामांचा आणि माझा वाद मात्र यानंतर खरा पेटला. त्यांनी विचारले, ‘किती वर्षं टिकेल?’ मी डॉक्टरांनी सांगितलेले सांगितले: साधारण पाच ते सात वर्षे, निगा ठेवली तर जास्त. ते म्हणाले की कॅप पंधरा वर्षे टिकते, मग हे नवे खूळ कशासाठी. ते नवे खूळ नव्हे. एनॅमलवर आम्ल लावून त्यावर रेझिन (कॉम्पोझिटमधला प्लास्टिकसारखा पदार्थ) चिकटवण्याची पद्धत मायकेल ब्युओनोकोर या दंतवैद्याने 1955 मध्येच मांडली आणि आजही सारे बॉन्डिंग त्याच तत्त्वावर उभे आहे. राहिला प्रश्न टिकण्याचा. मामा कॅप किती टिकते एवढेच मोजत होते. दात किती टिकतो हे त्यांनी कधी मोजले नाही. माझ्या एका दाताच्या कोपऱ्याचा मध्यंतरी टवका उडाला. डॉक्टरांनी जुने कॉम्पोझिट खरखरीत करून त्यावर नवे चढवले आणि एका बैठकीत काम झाले. ताईच्या कॅपचे सिरॅमिक उडाले तेव्हा पूर्ण कॅप कापून काढावी लागली. या दोहोंपैकी पक्के काम कोणते, हे मी मामांना अनेकदा विचारले आणि प्रत्येक वेळी त्यांनी विषय बदलला. आपल्या घरच्यांनाही हेच विचारा.

आता काही गोष्टी, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. आपले दात न पाहता शेवटचा शब्द माझा नसावा. दात निम्म्याहून जास्त तुटला असेल, किंवा रूट कॅनाल होऊन पोकळ आणि कमकुवत झाला असेल, तर कॅपच योग्य ठरू शकते. झोपेत दात खात असाल किंवा वरचे दात खालच्यांना बरेच झाकत असतील, तर कॉम्पोझिटचे टवके वारंवार उडतील. त्यावर आधी उपाय करून घ्या. हिरड्यांतून रक्त येत असेल तर बॉन्डिंग पुढे ढकला, कारण ओलसर हिरडीजवळ ते नीट चिकटत नाही. फट मोठी असेल किंवा दात वाकडे असतील, तर तारा लावून ते सरकवणे हाच खरा मार्ग आहे. त्यात वेळ जातो, पण दात शाबूत राहतो. डागांचा तपकिरी रंग फार गडद असेल तर बॉन्डिंगने तो पूर्ण झाकला जाईलच असे नाही.

कॉम्पोझिटला चहाचा आणि हळदीचा रंग हळूहळू चढतो. दर सहा महिन्यांनी पॉलिश करून घेतले की बराचसा जातो. खर्रा किंवा गुटखा खात असाल आणि सोडणार नसाल तर यावर पैसे घालवूच नका. नखे चावणे, दाताने बाटलीचे झाकण काढणे, सुपारी फोडणे हेही बंद करावे लागेल. खर्च परवडत नसेल तर जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. तिथे रांगेत थांबावे लागते, पण विद्यार्थ्यांच्या कामावर शिक्षकांची नजर असते आणि कोणी आपल्याला कॅप विकायला बसलेले नसते.

लग्नाची तारीख ठरली असेल तर ब्लीचिंग, मधले दोन आठवडे, बॉन्डिंग आणि नंतरच्या दुरुस्तीची एक फेरी एवढे धरून किमान दीड-दोन महिने आधी सुरुवात करा. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातील ज्या वडीलधाऱ्यांचा कॅपसाठी सर्वांत जास्त आग्रह आहे त्यांनाच सोबत न्या. कॅपसाठी दात नेमका किती कापावा लागेल, हे डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा आणि उत्तर मिलिमीटरमध्येच मागा.