कॅशलेस विमा आहे, तरी ऑपरेशनआधी टीपीएची (विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेची) मंजुरी कशाला लागते?

कारण बिल तिसराच भरणार असेल तर डॉक्टरही हात आखडता घेत नाहीत आणि आपणही. ‘विमा आहे ना, मग एक दिवस राहू अजून’ हे आपल्यापैकी कुणी म्हटलं नाही? त्याला लगाम म्हणून ही पूर्वमंजुरी. दाखल होण्याची खरंच गरज आहे का, हे कंपनीचे किंवा टीपीएचे डॉक्टर कागदांवरून ठरवतात.

दुसरा लगाम खोलीभाड्याचा, आणि फसतात लोक इथेच. समजा पॉलिसीत भाड्याची मर्यादा रोज ५,००० आणि तुम्ही घेतली १०,००० ची खोली. मग फक्त भाड्यातला फरक नाही, तर सर्जनची फी, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) चार्जेस हेही बऱ्याच पॉलिसींत त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचा खर्च तेवढा सुटतो.

आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला सकाळी फॉर्म गेला, दुपारी ‘क्वेरी’ आली. कारण काय, तर सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलला होता, स्कॅन करायचा राहिला होता! तेव्हा पाठवण्याआधी टीपीए डेस्कवर उभं राहून कागद स्वतः मोजा.

आणि हो, आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. या तीन तासांपुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भरायचे. डेस्कवर हे शांतपणे सांगा, पण सांगा.