इंग्लंडमध्ये विल करताय? ती शेवटची ओळ काढू नका

तुम्ही विचारलंय की इंग्लंडला शिफ्ट होताय, सॉलिसिटरने विलचा ड्राफ्ट पाठवलाय, कोणाला काय ते कळलं, पण शेवटी 'स्टेपच्या स्टँडर्ड प्रोव्हिजन्स, दुसरी आवृत्ती, लागू' अशी ओळ आहे, ती काढू का. नका काढू. मीपण आधी नुसती चाळून सोडली होती.

स्टेप ही विल-ट्रस्टचं काम करणाऱ्या लोकांची संघटना. एक्झिक्युटर म्हणजे आपल्यामागे विलप्रमाणे वाटणी करणारा माणूस, त्याच्या अधिकारांची ठरलेली कलमं त्यांनी १९९२ मध्ये काढली, दुसरी आवृत्ती २०११ ची. ती सगळी टाइप करण्याऐवजी एका ओळीत विलमध्ये येतात, बस. ओळ नसेल तर एक्झिक्युटरला कायद्यात जे आहे त्यावरच भागवावं लागतं. म्हणजे समजा बहिणीच्या वाट्यात रोख पैशांऐवजी शेअर्सच धरून द्यायचेत, तर १९२५ च्या तिथल्या वारसा-वाटपाच्या कायद्याचं (Administration of Estates Act) कलम ४१ तशी मुभा देतं पण तिची संमती लागते, आणि ती तिसऱ्याच देशात असली की त्या एका सहीसाठी सगळं अडून राहतं. ही कलमं ती अट काढून टाकतात. वारस १८ च्या आतला असेल तर पैसे त्याच्या आईबाबांकडे देऊन पावती घेता येते, तेही यातच.

स्टेपच्याच 'स्पेशल प्रोव्हिजन्स', म्हणजे जादाची कलमं, मात्र वेगळ्या, त्या आपोआप येत नाहीत, तसं लिहावं लागतं. हव्यात का ते सॉलिसिटरलाच विचारा, आणि कलमांची प्रत मागा, न वाचता सही कसली करायची!

सॉलिसिटरलाच एक्झिक्युटर नेमलं असेल तर फी घेण्याचं कलम नीट बघा. माझं मत विचाराल तर घरचा माणूस नेमा, अडलं तर तो वकील लावेलच. घरचा माणूस वारस असला तरी एक्झिक्युटर होऊ शकतो. साक्षीदार मात्र दोन लागतात आणि त्यात वारस किंवा त्याचा नवरा-बायको नको, त्यांचा वाटा जातो.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. ड्राफ्टच्या सुरुवातीला 'आधीची सर्व विल रद्द' असं असतं. भारतातल्या घराचं तुमचं वेगळं विल असेल तर तेही यात उडू शकतं. आमच्या ड्राफ्टमध्ये तेच होतं, मग मी 'फक्त इंग्लंड आणि वेल्समधल्या मालमत्तेपुरतं' असं घालून घेतलं आणि मगच सही केली.