मनू पाण्याचा ग्लास डाव्या हाताने का घेते?

"मॅडम, पोरगी ग्राउंडवर जायचं म्हटलं की पोट धरून बसते. आळस आलाय की कुणी काही बोललंय, तेवढं बघा." नाशिकच्या सिडकोत राहणारे, अंबडच्या कारखान्यात पाळीवर काम करणारे एक वडील बायको-मुलीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. मुलगी १३ वर्षांची, सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. तिला मी इथे मनू म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शालेय स्पर्धांचे दिवस जवळ आले की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. मुलाचं लक्ष लागत नाही, मोबाईल बिघडवतोय, संगत बरी नाही. आणि उठता उठता आईवडील खरी काळजी बोलून दाखवतात: आत्ता थांबवलं तर मागे तर पडणार नाही ना?

मनू फारसं बोलत नव्हती. पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने डाव्या हाताने घेतला. कपाळावरचे केस मागे सारले, तेही डाव्यानेच. बॉल कुठल्या हाताने टाकतेस, विचारलं तर "उजव्या." मग वेणी कोण घालतं? ती आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "महिना झाला, मीच घालतेय. हात वर जात नाही म्हणते. मला वाटलं, लाड करून घेतेय."

आईवडिलांना बाहेर बसवलं. तेव्हा मनू बोलली. खांदा दीड महिन्यापासून दुखत होता. "सरांना कळलं तर दुसरीला टाकायला देतील. आणि पप्पांनी ओव्हरटाइम करून ग्लोव्ह आणलाय." पोट दुखतं म्हटलं की एक दिवसाची सुट्टी मिळते, खांदा दुखतो म्हटलं की जागाच जाईल, असा तिचा हिशोब होता. तेरा वर्षांच्या डोक्याला तो अगदी बरोबर वाटणार. ती खोटं बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग तिघांना समोर बसवून कागद पुढे ठेवला. दिवसाचे बॉल मोजा म्हटलं. सकाळी शाळेत साधारण ६०. संध्याकाळी क्लबमध्ये ८०. रात्री गच्चीवर, दोरीला टांगलेल्या जुन्या गादीवर, पप्पांसमोर ५०. बेरीज १९०. वडिलांनी ती पुन्हा करून पाहिली. शाळेच्या सरांना क्लबचे माहीत नव्हते, क्लबच्या सरांना गच्चीवरचे. बेरीज करणारं कुणीच नव्हतं. एकट्या मनूच्या खांद्याला ती ठाऊक होती.

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलसाठी पिचिंगचं कोष्टक आहे. १३-१४ वर्षांच्या पिचरने सामन्यात एका दिवशी जास्तीत जास्त ९५ बॉल टाकायचे, आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढे ४ दिवस पिचिंग बंद. सॉफ्टबॉलचा बॉल बेसबॉलसारखा वरून नाही, खालून टाकतात, म्हणून हाताला त्रास नाही, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. ते खरं नाही. हात पूर्ण गोल फिरवून टाकताना खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडाच्या स्नायूला मोठा ताण बसतो. त्यात वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी असलेली कूर्चा अजून कच्ची असते, हाडं जोडून ठेवणाऱ्या आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक. मोठा माणूस जे सोसतो, ते तिला सोसत नाही.

माझं काम मनाचं, खांद्याचं नाही. म्हणून त्यांना आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ६ आठवडे पिचिंग पूर्ण बंद ठेवायला सांगितलं आणि व्यायाम दिले.

वडिलांचा चेहरा पडला. दहावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ही हाव नव्हे. पाळीवर राबणाऱ्या बापाला मुलीसाठी जो रस्ता दिसतो, तो हा आहे. मी त्यांना आपल्या चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळची आठवण दिली. सैन्यात भरती होईपर्यंत त्याने वल्हं हातात धरलं नव्हतं, आणि २०१६ मध्ये तो रिओ ऑलिम्पिकला रोइंगमध्ये उतरला. सॉफ्टबॉलला हाताची सवय लहानपणीच लागते, हे मलाही मान्य. पण १३ व्या वर्षीचे ६ आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सांगते, मुलांना आठवड्याला किमान एक दिवस आणि वर्षात, महिन्या-महिन्याचे तुकडे करून का होईना, एकूण ३ महिने आपल्या मुख्य खेळापासून सुट्टी हवी.

क्लबच्या सरांशी बोलायला मनूलाच पुढे केलं, मी नुसती शेजारी उभी राहिले. सर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस गं?" त्या ६ आठवड्यांत ती ग्राउंडवर जात राहिली, स्कोअर लिहीत राहिली. निवड चाचणी मात्र हुकली. त्या रात्री ती खूप रडली, आणि आईने तिला रडू दिलं.

घरात एक सवय लावली. रोज संध्याकाळी पप्पांनी विचारायचं, "आज खांदा किती?" आणि तिने शून्य ते दहात आकडा सांगायचा. पहिले काही दिवस ती रोज शून्यच सांगायची. पिचिंग पुन्हा सुरू झाल्यावर, वही ठेवून, दिवसाला २० बॉलपासून. गेल्या आठवड्यात ते गच्चीवर गादी बांधत असताना ती म्हणाली, "पप्पा, आज तीन." त्यांनी गाठ सोडली, गादी गुंडाळली आणि दोघं खाली आले.