इंग्लंडला येताय आणि मुलगी दीड वर्षाची आहे, म्हणून लिहितोय

तुम्ही विचारलंत, इंग्लंडमध्ये एवढा कर कापतात, तर लहान मूल असलेल्या आमच्यासारख्यांना परत काय मिळतं? कराचे टप्पे सरकारी साइटवर आहेत, ते सोडतो. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे बहुतेक सरकारी आर्थिक मदत घेता येणार नाही, अशी अट असेल, ती नीट समजून घ्या. कर पूर्ण भरायचा, पण चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता) नाही, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी मिळकतीच्या घरांना मिळणारी रोख मदत) नाही. वर हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसावाल्यांकडून घेतात ती रक्कम: मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. तिघांचे तीन वर्षांचे ८,५३८ पौंड अर्जाबरोबरच भरायचे.

पण आम्हाला खरं महागात पडलं ते पाळणाघर. नोकरदार आईबापांना आठवड्याला ३० तास फुकट, एवढंच ऐकून आम्ही आलो. दोघांपैकी एकाला तरी पब्लिक फंड्सचा हक्क असावा लागतो, हे अर्ज नाकारला गेल्यावर कळलं. मी तीनदा फोन केले, दरवेळी पाऊण तास ताटकळलो, दरवेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. हातात आले ते तीन-चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना मिळणारे १५ तास, तेही वर्षातले ३८ आठवडे. शेवटी बायकोने नोकरी सोडली. दोन वर्षं म्हणाली होती, चार झाली, आणि नंतर तिच्या कामात तिला कोणी घेईना. निघताना मी फक्त माझा हातात येणारा पगार मोजला होता. तिचा मोजलाच नाही. याबद्दल आम्ही अजून धड बोललेलो नाही.

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

मुलीच्या वर्गातल्या एका मुलीची आई एकटीच कमावणारी, युनिव्हर्सल क्रेडिट घेणारी. आम्ही भरतो आणि हिला मिळतं, असं मला वाटायचं. तिच्याशी मी तुटकच वागायचो. एकदा शाळेच्या फाटकाशी ती बोलता बोलता म्हणाली, जादा शिफ्ट घेऊन काय उपयोग? ठरावीक रकमेपुढे हातात येणाऱ्या प्रत्येक पौंडामागे तिच्या मदतीतून ५५ पेन्स कमी होतात. माझ्यासारख्या मधल्या पगाराच्या वाढीव पौंडातून आजच्या दराने कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) मिळून २८ पेन्स जातात. मला मान वर करवेना.

त्यानंतर मी हे सगळं वाचून काढलं. काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, इथे अजून घराच्या १९९१ च्या किमतीवर ठरतो, आणि सगळ्यात वरच्या बँडचं (किमतीच्या गटाचं) बिल सगळ्यात खालच्याच्या फक्त तिप्पट. व्हॅट २० टक्के, गरीब-श्रीमंत दोघांना सारखाच. बरंचसं किराणा सामान त्यातून सुटतं, एवढंच. कमी मिळकतीच्या घरांचा भार हलका होतो तो मुख्यतः रोख मदतीने, आणि शाळा व एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेमुळे. ती शाळा माझ्या मुलीलाही फुकट मिळाली, यिअर टूपर्यंत (सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गापर्यंत) दुपारचं जेवणसुद्धा. पाच वर्षांनी आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळालं आणि चाइल्ड बेनिफिट सुरू झालं. ते बायकोच्या खात्यात जातं. तोवर पाळणाघराचं वय निघून गेलं होतं.

१५ तास तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या टर्मपासून सुरू होतात. तुमच्या पत्नी नोकरी चालू ठेवणार आहेत का, हे त्यांच्यासमोर बसून विचारा, तोवरच्या महिन्यांचा पाळणाघराचा खर्च मांडा, आणि मगच व्हिसाची फी भरा. मुलीची जन्मतारीख कळवलीत तर महिने मी मोजून देतो.