ई-मेलच्या हेडरवरून पाठवणारा कोण आणि त्याचा संगणक कोणता, हे ओळखता येते का?

आपल्याला आलेल्या निनावी ई-मेलच्या हेडरवरून (म्हणजे पत्रासोबत येणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदींवरून) पाठवणाऱ्याचा संगणक आणि नाव कळेल का, असे आपण विचारले आहे. संगणकाविषयी थोडेफार कळते, माणसाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. २०१४ साली अशाच एका हेडरच्या छापील कागदावरून मला भर सभेत गुन्हेगार ठरवण्यात आले होते, म्हणून हे लिहीत आहे.

खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेत मी तेव्हा कारकून होतो. (संस्थेचे कागद कन्नडमध्ये आणि भांडणे मराठीत, असा तेथील रिवाज होता.) कर्जवाटपातील वशिल्याविषयी संचालकांना निनावी ई-मेल आला. सचिवांनी भाच्याकडून त्याचे हेडर छापून घेतले, 'रिसीव्ड' या शब्दाने सुरू होणाऱ्या (वाटेत पत्र हाताळणाऱ्या मेल-सर्व्हरने, म्हणजे टपाल पोहोचवणाऱ्या संगणकाने, जोडलेल्या) सर्वांत खालच्या ओळीतील १९२.१६८.१.५ या आयपी पत्त्याखाली, म्हणजे जाळ्यातील संगणकाच्या क्रमांकाखाली, लाल रेघ मारली आणि माझ्या संगणकाचा पत्ताही तोच असल्याचे दाखवले. "अण्णा, हा पत्ता तुमच्या घरच्या संगणकालाही असू शकतो," असे मी म्हणालो, तेव्हा मला उद्धट ठरवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातील वा कचेरीतील अंतर्गत जाळ्यासाठी राखीव असतात. गावोगावी मारुतीचे देऊळ असते, म्हणून देवळावरून गाव ओळखता येत नाही. शोध घेण्याजोगा बाहेरचा पत्ता त्याच ओळीत शेजारी कंसात होता, पण त्याकडे कोणीही पाहिले नाही. त्याहून विनोदी गोष्ट अशी की, त्याच कागदावरील 'यूजर-एजंट' या, पाठवणाऱ्याची संगणक-प्रणाली सांगणाऱ्या ओळीत थंडरबर्ड (ई-मेल पाठवण्याचा एक प्रोग्राम) आणि 'विंडोज एनटी ६.१', म्हणजे विंडोज ७, असे स्पष्ट छापलेले होते, आणि संस्थेने मला दिलेल्या जुनाट संगणकावर विंडोज एक्सपी होते.

आपण 'रिसीव्ड'च्या ओळी खालून वर वाचाव्यात (सर्वांत जुनी ओळ तळाशी असते), मात्र विश्वास आपल्या स्वतःच्या मेल-सर्व्हरने जोडलेल्या ओळींवरच ठेवावा, कारण त्याखालच्या ओळी बनावट असू शकतात. ब्राउझरमधून जीमेलने पाठवलेल्या पत्रात पाठवणाऱ्याच्या संगणकाचा आयपी पत्ता नसतोच. तारखेपुढील +०५३० वरून भारतीय वेळ लावलेली आहे एवढेच कळते, आणि श्रीलंकेचीही वेळ तीच आहे. डीकेआयएम म्हणजे ई-मेलवरची डिजिटल सही; 'डीकेआयएम पास' याचा अर्थ सहीत नमूद केलेल्या डोमेनने (जीमेल डॉट कॉमसारख्या इंटरनेटवरील नावाने) पत्रावर सही केली इतकाच. 'फ्रॉम'मधील (पाठवणाऱ्याच्या ओळीतील) नाव खरे, असा नव्हे. बाहेरचा पत्ता मिळाला, तरी तो कोणत्या ग्राहकाला दिला होता याची नोंद इंटरनेट कंपनीकडे असते, आणि ती पोलिसांना मागता येते, पतसंस्थेच्या सचिवांना नव्हे. मोबाइल इंटरनेटवर तर एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटलेला असतो.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे: 'यूजर-एजंट'ची ओळही हवी तशी बदलता येते, त्यामुळे माझा पुरावाही निर्विवाद नव्हता. सचिवांनी त्या सभेत हा मुद्दा काढला असता, तर मला गप्प बसावे लागले असते. पण त्यासाठी त्यांना लाल रेघेच्या पलीकडचा कागद वाचावा लागला असता.