पटावरचा सल्ला : बी-२ वरचे प्यादे घ्यावे का?

प्रश्न : नुकत्याच झालेल्या बुद्धिबळ स्पर्धेत मी काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचावातील नायडॉर्फ प्रकार (डाव सुरू करण्याची एक ठरलेली पद्धत) खेळलो आणि आठव्या चालीला वजिराने बी-२ (उभी पट्टी बी, आडवी रांग २) या घरातले ‘विषारी’, म्हणजे घेतल्यास वजीर अडकू शकेल असे, प्यादे घेतले. प्रतिस्पर्धी हत्ती बी-१ वर आणील असे धरून मी पुढच्या चाली पाठ केल्या होत्या. त्याने मात्र घोडा बी-३ वर नेला. मी दुसरा घोडा डी-७ वर काढला. त्याने ए-३ आणि नंतर हत्ती ए-२ अशा चाली करून वजीर पकडला. हा प्रकार सोडून द्यावा का?

उत्तर : सोडून देण्याचे कारण नाही, पण चालींमागचा हेतू न समजता तो खेळू नये. घोडा बी-३ वर आला की वजिराची उभ्या पट्टीतून मागे येण्याची वाट बंद होते आणि सुटकेसाठी ए-३ हे एकच घर उरते. तेथे पांढऱ्याचे प्यादे पोहोचले की खेळ संपलाच. म्हणून नवव्या चालीला वजीर ताबडतोब ए-३ वर न्यावा लागतो. हत्ती बी-१ वर आला असता तरी तुम्हाला हेच करावे लागले असते, आणि हे ठाऊक असते तर पाठांतराची गरजच पडली नसती.

अर्थात ए-३ वर गेल्यानेही संकट टळत नाही. १९७२ साली आइसलँडमधील रेक्याविक येथील जगज्जेतेपदाच्या लढतीत तेव्हाचा जगज्जेता बोरिस स्पास्की याने पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना दोनदा घोडा बी-३ वरच नेला. सातव्या डावात त्याचा आव्हानवीर बॉबी फिशर याने प्यादे पचवून बरोबरी साधली. अकराव्या डावात मात्र स्पास्कीने चौदाव्या चालीला सी-३ वरचा घोडा चक्क मूळ घरी, बी-१ वर, परत नेला आणि वजिरावर हल्ला चढवला. वजीर बी-४ वर सरकला, पण पुढे पांढऱ्याच्या प्याद्यांनी त्याला कोंडत नेले आणि ३१ चालींत फिशर हरला.

काळ्याला एक प्यादे मिळते, पण त्या बदल्यात पांढऱ्याला मोहरी बाहेर काढायला दोन-तीन चालींचा अवधी मिळतो, आणि काळ्याचा राजा अजून मध्यभागीच असतो. त्यामुळे प्रत्येक चालीआधी ए-५, बी-४ आणि सी-५ यांपैकी कोणते घर वजिराला मोकळे आहे ते पाहावे. एवढी जोखीम नको असेल, तर सातव्या चालीला वजिराऐवजी उंट ई-७ वर काढावा. त्यातही नायडॉर्फची धार फारशी बोथट होत नाही.